बिनआवाजाचे राळे

स्पष्ट वाणी हा माणसाच्या चारित्र्याचा पाया आहे आणि ज्या समाजाची जीभ स्वच्छ, त्या समाजाचं भवितव्य उज्ज्वल. हे वाक्य मी लालबागच्या एका व्यायामशाळेच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं. वाक्य व्यायामशाळेच्या अध्यक्षांचं होतं, खडू माझा होता. त्याच्या खाली जोर-बैठकांचा तक्ता होता आणि तो पुसायचा नाही अशी ताकीद होती. त्यामुळे मुलांनी पहिल्या दिवशी फळ्यावर जे वाचलं ते असं : भवितव्य उज्ज्वल, लहान गट पंचवीस, मोठा गट पन्नास.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. मी गिरगावात राहत होते. शिक्षिकेचं प्रशिक्षण संपवून नेमणुकीच्या पत्राची वाट पाहत होते. अध्यक्ष माझ्या वडिलांच्या ओळखीतले, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं की संपामुळे गिरणीतले पुरुष दिवसभर घरी असतात, घरी असले की बोलतात, आणि ते बोलणं मुलांच्या कानांवर पडतं. संप मिटणं हा यावरचा सरळ उपाय होता. पण तो अध्यक्षांच्या हातात नव्हता, म्हणून त्यांनी 'शुद्ध वाणी संस्कार केंद्र' काढलं. मुलं त्याला जिभेची तालीम म्हणत. वर्ग मल्लखांबाभोवती भरायचा, कोपऱ्यात मारुती होता आणि सगळ्याला तेलाचा वास होता, तेव्हा मुलांचं नाव जास्त बरोबर होतं.

जीभ वळवणाऱ्या वाक्यांवर माझा अधिकार घरातूनच आलेला. गिरगावात आमच्याकडे पानं वाढली की वडील आम्हा भावंडांकडून एकेक वाक्य पाच वेळा म्हणून घेत. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. तोवर भात निवायचा. माझे उच्चार स्वच्छ आहेत ते माझ्या बुद्धीमुळे नव्हे. मला गरम भात आवडायचा म्हणून. शिवाय आमच्याकडे बोलायची एक रीत होती : सावकाश, खालच्या पट्टीत, ओठ फारसे न हलवता. तोंड मोठं उघडून बोलणं म्हणजे भांडण. मी हीच रीत बरोबर घेऊन लालबागला गेले.

पंधरा-सोळा मुलं यायची. कच्चा पापड, पक्का पापड झालं. चटईला टाचणी टोचली. मग काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले. राळे म्हणजे काय हे वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही ते एक धान्य आहे एवढंच पुस्तकातून ठाऊक होतं. एका मुलीची मावशी बाजारात मासे विकायला बसायची. तिने दुसऱ्याच दिवशी "ओले बोंबील, सुके बोंबील, ओल्यात सुके मिसळले" असं करून आणलं. ते म्हणायला सोपं आणि डोळ्यांसमोर यायला त्याहून सोपं होतं. अध्यक्षांनी ते संस्कारात बसत नाही म्हणून बंद केलं.

तिसऱ्या आठवड्यात एक बाई मुलीला हाताला धरून आली. मुलगी चौथीतली, दोन घट्ट वेण्या, नजर जमिनीकडे.

"बाई, ह्या चेडवाचा तोंड जरा मोकळा करा," ती म्हणाली. "तोंडातल्या तोंडात बोलता. बापाशीक एक अक्षर कळणा नाय."

मी विचारलं, मुलगी वडिलांशीच असं बोलते का सगळ्यांशी?

"बापाशीच काम पडता ना! मी सकाळी खाणावळीत पोळ्या लाटूक जातंय ती दिवे लागले की येतंय. घरात ही दोघाच. परवा स्टोव्ह भडकलो. ही मागसून वराडता, आणि हे आपले पाठ करून बसलेले. हात भाजलो तेव्हा कळला. असाच चालला तर परीक्षा झाल्यावर हिका गावाक धाडूचा लागतला. मामा येतलोच हा न्यायला."

मुलीने मान वर केली नाही. पण आईच्या हातातला तिचा हात मुठीसारखा आवळला गेला, तो मला दिसला. त्या वर्षात कितीतरी मुलं अशी कोकणात गेली. एखाद्या दिवशी वर्गातला एक कोपरा रिकामा दिसायचा आणि शेजारचं मूल सांगायचं, "गेला गावी." इथली शाळा सोडवून तिथल्या शाळेत पुन्हा बसवायचं, हे म्हणायला सोपं होतं. या मुलीला जायचं नव्हतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण पहिल्या दिवसापासून ती वर्गात सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

मी तिला राळ्यांवर बसवलं. तिने एकदा ऐकलं आणि पाच वेळा म्हटलं, न अडखळता. वेग वाढवायला सांगितला, वाढवला. चटई, टाचणी, पापड, सगळं लख्ख. इतक्या स्वच्छ जिभेचं मूल माझ्या वर्गात दुसरं नव्हतं. दोन दिवस मी घोटाळ्यात होते. मग मी एका सुशिक्षित माणसाने करायचं ते केलं : मुलीच्या वडिलांना भेटून त्यांचा गैरसमज दूर करायचं ठरवलं.

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती; मुलगी मला वाट दाखवत घेऊन गेली. गॅलरीत पुरुष कॅरम खेळत होते. सकाळचे अकरा वाजले होते आणि कोणाला कुठे जायचं नव्हतं. वडील दार लोटून आत तांदूळ निवडत बसले होते. मला पाहताच त्यांनी सूप पलंगाखाली सरकवलं. उंच, खांद्यात जरा वाकलेला माणूस. वीस वर्षं साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम केलेला.

मी म्हटलं, "तुमच्या मुलीचं बोलणं अगदी उत्तम आहे. तिच्यात काही दोष नाही."

ते माझ्या तोंडाकडे रोखून पाहत होते. "बसा ना," ते म्हणाले. आवाज भिंतीपलीकडे जाईल एवढा मोठा.

मी वाक्य पुन्हा म्हटलं, जरा जोर देऊन. आमच्याकडे जोर म्हणजे शब्द आणखी सावकाश.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "बाई काय पुटपुटतात गं?"

मुलगी माझ्या बाजूला उभी होती. ती आवाज न करता, फक्त ओठांनी, काहीतरी बोलली. त्यांना अर्धं कळलं असावं. "चांगलं आहे म्हणता? मग मला का कळत नाय?" आणि माझ्याकडे वळून, तक्रार नव्हे, खरीखुरी चौकशी करावी तसं : "हल्ली सगळेच हळू बोलतात, बाई. संप झाल्यापासून लोकांच्या अंगात जोर नाय राहिला."

जिन्यात मुलीने मला गाठलं.

"बाई, त्यांना ऐकू येत नाय," ती म्हणाली. "पण ते बोलायचं नाय. कोणालाच नाय."

"त्यांना माहीत आहे का?"

तिने विचार केला. "थोडं थोडं."

बाकीचं मला तिच्या आईने सांगितलं. गिरण्या पुन्हा उघडतील तेव्हा माणसं डॉक्टरकडून तपासून घेणार, डोळे, छाती, कान, आणि एकेक कारण काढून निम्म्यांना बाहेर ठेवणार, अशी बातमी सगळीकडे फिरत होती. बातमी कोणी आणली ते कोणी सांगू शकत नव्हतं, म्हणून ती सगळ्यांना खरी वाटत होती. साचेखात्यातल्या एकाचेही कान धड नव्हते. त्या आवाजात वीस वर्षं काढल्यावर राहणार कसे? पण जोवर कोणी 'बहिरा' हा शब्द उच्चारत नव्हतं तोवर सगळे कामावर परतणारच होते. तेव्हा दोष मुलीच्या जिभेला दिलेला होता. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे शेजारधर्म म्हणून म्हणत, पोर फार तोंडातल्या तोंडात बोलते. अध्यक्षांना मात्र खरोखरच कल्पना नव्हती. ते आठवड्यातून दोनदा या माणसाशी गप्पा मारत. पण उत्तराची वाट पाहायची त्यांना सवय नसल्यामुळे संशय येण्याचा प्रश्न आला नाही.

"तुम्ही आपला म्हणा, हिचाच बोलणा वायट," आई म्हणाली. मी म्हटलं. सत्यावर माझी त्या वयात फार निष्ठा होती, पण इथे ती कोणाच्या उपयोगाची दिसेना.

पुढच्या सोमवारी वडील स्वतः व्यायामशाळेत आले आणि दारापाशी मुद्गलांच्या शेजारी बसले. मुलगीच त्यांना घेऊन आली होती. अर्धा तास त्यांनी वर्ग पाहिला. मुलं राळे मिसळत होती. मग ते उठून माझ्याजवळ आले.

"बाई, रागावू नका. पण पोरांचं थोडं थोडं समजतं. तुमचं काय पण समजत नाय. तोंडात टाचण्या धरून बोलल्यासारखं बोलता."

मुलं हसली नाहीत. पण सोळा तोंडं एकदम मिटली, त्यावरून ही त्यांची जुनी अडचण असावी.

"आमच्यात नवा माणूस साच्यावर आला ना," ते म्हणाले, "तर आधी आठ दिवस त्याचं तोंड बघायचे. हात नंतर. तोंड उघडत नाय तो माणूस साचेखात्यात धोक्याचा. पट्टा तुटला तर सांगणार कसा?"

आणि त्यांनी दाखवलं. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. दोन बोटं कात्रीसारखी, धागा तुटला. अंगठा ओठाला, चहा. पण खुणा थोड्या. बाकी सगळं ओठांनी. पलीकडच्या रांगेतल्या माणसाला बायकोच्या बाळंतपणाची हकीकत ओठांनी सांगायची, आणि तो ओठांनीच मुलाचं नाव सुचवायचा. त्यांनी आपल्या खात्यातली एक जुनी चहाडी आवाज न करता सांगितली. मला त्यातलं चक्क निम्मं कळलं, आणि जे कळलं ते संस्कारात बसणारं नव्हतं.

त्यानंतर आमचा वर्ग बदलला. मुलं एका भिंतीला, ते दुसऱ्या भिंतीला. मूल वाक्य म्हणायचं, बिनआवाजाचं. ते समोरून मोठ्याने तेच वाक्य म्हणायचे. जुळलं तर पास. नियम एकच, त्यांना कळलं नाही तर चूक म्हणणाऱ्याची. राळे पहिल्याच दिवशी नापास झाले. "ह्यात काय पण बाहेर येत नाय," ते म्हणाले. "सगळं आतल्या आत चाललंय." खरंच होतं, क, र, ळ ही सगळी मंडळी दारामागे बसून काम करतात. पापड पास झाला. बोंबील, अध्यक्षांची क्षमा मागून, उत्तम गुणांनी पास झाला. एक गोष्ट मला शिकवायला कोणी सांगितली नव्हती आणि कुठल्या पुस्तकात वाचलीही नव्हती : आवाज काढून घेतला की मुलाला प्रत्येक अक्षराला ओठांनी आकार द्यावाच लागतो, आणि मग आवाज परत दिला की तो स्वच्छच येतो. महिनाभरात माझ्या मुलांचे उच्चार असे सुधारले की शाळेतल्या बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, राळे.

अध्यक्ष एकदा डोकावले. सोळा मुलं भिंतीला उभी, तोंडं हलतायत आणि आवाज नाही. ते हात जोडून दारात उभे राहिले आणि हळूच निघून गेले. नंतर समितीच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की आपल्या केंद्रात मौन जपाची परंपराही सुरू झाली आहे.

मुलगी या सगळ्यात स्वतःचं काम करत होती. तिने वहीच्या मागच्या पानावर स्वतःची वाक्यं जमवायला घेतली होती. मला वाटलं, मजा म्हणून. मग मी ती वाचली. त्यात राळे नव्हते, टाचण्या नव्हत्या. "पाणी आलं, पिंप भरलं; पिंप भरलं, पाणी गेलं; पाणी गेलं तर पिंप कोणी भरलं?" "पंप मारला, पेट घेतला, पेटल्या पंपाला पुन्हा पंप मारला." म्हणजे नळाची वेळ आणि स्टोव्ह. घरात दिवसभरात जे जे सांगायची वेळ येईल त्याची तिने प, फ, ब, भ, म यांत वाक्यं बांधली होती आणि ती वडिलांसमोर रोज घोटत होती. तिचे वडील ती खेळ म्हणून ओळखत होते. तांदूळ निवडता निवडता.

स्टोव्ह पाठीमागे भडकला तर ओठ दिसणार कसे, हा प्रश्न राहिला होता. तो त्यांनीच सोडवला. पण अर्थात स्वतःच्या कानांसाठी नव्हे. "बोलण्याआधी पाय आपटायचा, दोनदा," त्यांनी मुलांना शिकवलं. "साचेखात्यात जमीन आधी बोलते, माणूस नंतर." चाळीची जमीन फळ्यांची. मुलीने पाय आपटला की ते वळायचे. व्यायामशाळेत लाद्या होत्या, तिथे काही व्हायचं नाही, तरी मुलं इमानाने आपटत.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वर्गाची सांगता होती. मामा येऊन थांबले होते. मुलीची पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. आई म्हणाली होती, "रविवारी बघूया. हेंका हिचा कळला तर ठीक, नायतर सोमवारची एस्टी." बाप-लेकीला यातलं किती ठाऊक होतं मी विचारलं नाही. दोघंही त्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त पाय आपटत होती, एवढं खालच्या मजल्याने सांगितलं.

प्रमुख पाहुणे आणि परीक्षक म्हणून दादरचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. शुभ्र धोतर, आणि वरचा ओठ पूर्ण झाकणारी भरघोस मिशी. अध्यक्षांनी प्रास्ताविकात स्पष्ट वाणीचा इतिहास वेदकाळापासून घेतला. ते इंग्रजांच्या आगमनापर्यंत आले आणि त्याच वेळी बाहेर गल्लीत हळदीचा बँजो सुरू झाला.

शेजारच्या चाळीतलं लग्न. बँजो, ताशा, दोन ढोल आणि वर लाउडस्पीकर. लाउडस्पीकर खरा आमचा ठरलेला होता, पण हळदीला जेवण होतं. अध्यक्षांनी एका कार्यकर्त्याला थांबवायला पाठवलं. तो परत आला तेव्हा त्याच्या कपाळाला हळद लागलेली होती. नवरीला हळद लागतेय, ती कशी थांबवणार, असं त्यांचं म्हणणं, आणि यालाही ते पटलेलं दिसत होतं.

स्पर्धा सुरू झाली. पहिला मुलगा व्यासपीठावर उभा राहिला, त्याचं तोंड हललं आणि ताशा वाजला. परीक्षकांनी कानामागे हात धरला. दुसरी मुलगी आली. त्यांनी दुसरा हातही धरला. ते माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. मिशी हलली एवढं दिसलं. गुणांचा कागद कोरा होता. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत होते. स्पर्धा रद्द करावी असं त्यांनी मला हातवाऱ्यांनी सांगितलं, आणि मी मागे आईकडे पाहिलं. ती बायकांच्या बाजूला पदर आवळून बसली होती.

तेवढ्यात तिची मुलगी व्यासपीठावर चढली. तिचा नंबर अजून आला नव्हता. व्यासपीठ लाकडी होतं. तिने पाय आपटला, दोनदा.

हॉलच्या अगदी मागे, दारात, तिचे वडील उभे होते. सगळ्या सभागृहात तोच एक माणूस आरामात होता. कपाळाला आठी नाही, कानाला हात नाही; वर्षभराने कामावर आल्यासारखा चेहरा. मुलीचे ओठ हलले. आणि मागून, ढोल-ताशांवर चढून, त्यांचा आवाज आला :

"पाणी आलं, पिंप भरलं!"

सगळे वळले. मुलीने पुढचं म्हटलं.

"पिंप भरलं, पाणी गेलं!"

"बरोबर हाय," पुढच्या रांगेतला एक साचेवाला म्हणाला. तोही तिच्या ओठांकडेच पाहत होता. आता लक्षात आलं, सगळेच पाहत होते.

"पाणी गेलं तर पिंप कोणी भरलं?" वडिलांनी शेवट केला आणि स्वतःहून वर जोडलं, "तू भरलंस, आणखी कोण!"

परीक्षकांनी लिहायला सुरुवात केली. मग एकेक मूल आलं, ओठ हलले, मागून आवाज आला, कागदावर गुण पडले. राळे घेऊन आलेल्या दोघांना फार कमी गुण मिळाले. कोणी हसलं नाही. ज्याने त्याने सोळा मुलांची परीक्षा एका बहिऱ्या माणसाच्या तोंडून होताना पाहिली, आणि प्रत्येकाने ती गंभीरपणे पाहिली. मुलीचे दोन गुण कापले गेले. शेरा असा होता : व्यासपीठावर पाय आपटते.

स्पष्ट वाणीचं पहिलं बक्षीस अध्यक्षांच्या भाच्याला मिळालं. घसा बसल्यामुळे तो आला नव्हता.

बँजो जेवायला थांबला तेव्हा परीक्षक भाषणाला उभे राहिले. वाणी सर्वांना असते, ते म्हणाले, पण श्रवण ही साधना आहे, आणि आज इथे एका श्रमिक बंधूने तीक्ष्ण श्रवणशक्तीचा जो आदर्श घालून दिला त्यापुढे आपण नतमस्तक आहोत. सगळे मागे वळून पाहू लागले. वडील परीक्षकांच्या मिशीकडे पाहत होते आणि त्यांना त्यातून काहीच मिळत नव्हतं. मुलीने व्यासपीठाच्या कडेवरून त्यांना ओठांनी सांगितलं. ते लाजले. अध्यक्षांकडे कोरी प्रशस्तिपत्रकं नेहमी जादा असत. एकावर त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं, "उत्कृष्ट श्रवणाबद्दल", खाली परीक्षकांची सही घेतली आणि नारळासकट दिलं. टाळ्या साचेखात्याने सुरू केल्या आणि त्या बराच वेळ चालल्या.

पायऱ्या उतरताना आई माझ्या शेजारी आली. "पिंप भरल्याचा एवढ्या गोंगाटात कळला," ती म्हणाली, "तर स्टोव्ह भडकल्याचा पण कळतला." आणि पुढे चालणाऱ्या भावाला हाक मारून, "रे, तू एकटोच जा उद्या. पेटी ठेव हयसरच."

मुलगी आईच्या मागे होती. तिने काही म्हटलं नाही, निदान आवाजाने नाही. मी तोवर ओठ थोडे वाचायला शिकले होते, पण तिने मान वळवली.

जूनमध्ये माझं नेमणुकीचं पत्र आलं. केंद्र त्यानंतर चाललं नाही. फळ्यावरचं वाक्य पुसलं गेलं, जोर-बैठकांचा तक्ता बरीच वर्षं होता. मी नंतर जिथे जिथे शिकवलं तिथे मुलांना बिनआवाजाची वाक्यं म्हणायला लावली. तपासणीला आलेल्यांनी दरवेळी विचारलं ही कोणती पद्धत, आणि मी दरवेळी एखादं भारदस्त नाव सांगितलं. साचेखातं असं सांगितलं असतं तर बंद करायला लावलं असतं. ओठ हलवून बोलायची सवय मलाही लागली. गिरगावात घरी गेले की वडील विचारायचे, "भांडतेस कोणाशी?"

संप कधी संपला ते कोणी नीट सांगू शकत नाही. काही गिरण्या मात्र हळूहळू, अर्ध्यामुर्ध्या, सुरू झाल्या. मुलीच्या वडिलांच्या गिरणीने जुन्या माणसांतली काही परत बोलावली, डॉक्टरी तपासणीसकट. त्या दिवशी वडिलांनी मुलीला बरोबर नेलं, आणि गिरणीच्या पासाबरोबर घडी घालून ते प्रशस्तिपत्रकही. वेळ पडलीच तर दाखवायचं, मुख्याध्यापकांची सही होती. फाटकाबाहेर तीन तास रांग होती. मुलगी पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून त्यांना ओठांनी धीर देत होती. हे मला तिनेच पुढे कधीतरी सांगितलं. आत एक टेबल होतं, टेबलामागे डॉक्टर.

त्याने सगळ्यांचं फक्त वजन केलं.